कागद कोणत्या हाकेला ओ देतो

तुम्ही कल्याणात आहात, पण स्टेशन नाही, पत्रीपूल नाही, रिक्षांची रांग नाही. साल १७७२. भाद्रपद सरत आलाय. दुर्गाडीकडून खाडीचा वारा येतोय आणि त्याला चिखलाचा, ओल्या पेंढ्याचा वास आहे. सुभ्याच्या कचेरीच्या पायरीशी वहाणा काढून तुम्ही ओटीवर येता. आत बैठकीवर चार कारकून बसलेत. एक गुडघा उभा, त्यावर कागद, हातात बोरू. लिहून झालं की चिमूटभर वाळू भुरभुरायची, कागद झटकायचा, पुढचा घ्यायचा. डोकं वर करायला कुणाला सवड नाही. थेऊरला माधवराव पेशव्यांची प्रकृती फार बिघडलीय, एवढी कुजबुज मात्र अधूनमधून कानावर येते.

तुम्हाला एक कागद हवाय. खाडीकाठच्या गावात तुमच्या कुळातल्या कुणीतरी खाजणाला बांध घातला, खारं पाणी बाहेर ठेवलं आणि आत भात पिकवला, असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. सरकारातून तेव्हा काही लिहून मिळालं होतं म्हणे. दहाएक वर्षं झाली असतील त्याला, म्हणजे या १७७२ पासून मागे मोजली तर.

“यावे, बसावे,” दफ्तर सांभाळणारा म्हणतो. “काय पाहिजे?”

“खाडीच्या बांधाबद्दल माहिती हवी होती.”

तो तुमच्याकडे नुसता बघतो. ‘माहिती’ नावाचा रुमाल त्याच्याकडे नाही, ‘खाडी’ नावाचाही नाही. मागच्या फडताळात चौकोनी फडक्यांत बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. रुमाल म्हणजे तेच. प्रत्येकात शेकडो कागद. थोडं थांबून तोच विचारायला लागतो. “कौल की सनद? महजर झाला होता का? की नुसतं ताकीदपत्र? सन कोणता? तर्फ कोणती? मौजे?”

तुम्ही चाचपडता. “पहिली काही वर्षं सारा माफ होता. मग थोडा थोडा वाढवत नेला…”

“म्हणजे इस्ताव्याचा कौल,” तो म्हणतो आणि त्याचा चेहरा खुलतो. पडीक किंवा खाजण जमीन कुणी लागवडीला आणली, की सरकार त्याला चढत्या साऱ्याचं वचन लिहून देई. त्या कागदाचं नाव कौल, आणि चढत जाणाऱ्या साऱ्याचं नाव इस्तावा. तुम्ही दोन वाक्यं खर्चून जे सांगितलं ते त्याच्या दफ्तरात दोन शब्दांत आहे. ते दोन शब्द तुमच्यापाशी असते तर तुमची निम्मी सकाळ वाचली असती.

आता सन. ‘दहा वर्षांपूर्वी’ हा त्याच्या दृष्टीने पत्ता नव्हे. त्याच्या कागदांवर सुहूर सन आहे आणि तो आकड्यात नव्हे, अरबी शब्दांत लिहिलेला आहे. चालू साल ‘सलास सबैन मया व अलफ’. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. उलट्या क्रमाने वाचलं की ११७३. यात ५९९ मिळवले की आपलं १७७२, आणि जानेवारी लागला की ६००. साल बदलतं ते मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडावर. मुलकी कारभाराला ते सोयीचं. दहा वर्षं मागे जायचं तर फक्त एक शब्द बदलतो. सबैनच्या जागी सितैन, सत्तरच्या जागी साठ. ‘सलास सितैन मया व अलफ.’ कारकून हे तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि हात बरोबर तिसऱ्या खणातल्या रुमालावर पडतो.

गाठ सुटते. आता जरा जवळून बघा, कारण पुढची दोन मिनिटं शिकण्यासारखी आहेत. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं ओवत जायची. बोरू उचलायचं काम कमी. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही. अशा मजकुरात ‘बांध’ हा शब्द शोधायला बसलात तर दिवेलागण होईल. कारकून वाचत नाहीये. त्याचं बोट ओळीवरून सरकतंय आणि ठरावीक खुणांपाशीच थबकतंय. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, त्याच्या लगेच पुढे गावाचं नाव. ‘त॥’ म्हणजे तर्फ. ‘प॥’ म्हणजे परगणे. खाली ‘छ’ दिसलं की त्यापुढे चंद्रतारीख. या उभ्या दोन रेघा म्हणजे मजकुराच्या जंगलातल्या पाट्या आहेत. एका कागदावर तो एवढंच बघतो आणि पुढच्यावर जातो. विसाव्या-पंचविसाव्या कागदाला बोट थांबतं.

“हा घ्या.”

तुम्हाला काय हवंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. तो कागद लिहिणाऱ्याने तेव्हा काय लिहिलं असेल, हे त्याने तुमच्याकडून काढून घेतलं. शोधण्याची सगळी विद्या इथेच संपते असं म्हणणं थोडं अतिशयोक्तीचं होईल. पण थोडंच.

पुढे सरका, आणि जरा भराभर. १७७४च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रज घेतात, १८१८ला पेशवाई जाते, आणि कागदांवर एक नवी भाषा बसते. तिच्याबरोबर एक नवी पंचाईत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली गाडी मराठी माणसाच्या लेखी ठाण्याला पोचली. इंग्रजी कागदांत मात्र ती पोचते ‘टी-ए-एन-एन-ए’ला, आणि काही ठिकाणी शेवटी एक ‘एच’ जास्तीचा. १८८२ साली जेम्स कॅम्पबेलने ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे जाडजूड भाग काढले, त्यांवर ‘टी-एच-ए-एन-ए’. आज शेवटी ‘ई’ आहे. जुन्या इंग्रजी कागदांतलं कल्याण ‘सी’ने आणि दोन ‘एल’ने लिहिलेलंही सापडतं. आजच्या स्पेलिंगने जुनी इंग्रजी दफ्तरं धुंडाळणाऱ्याला वाटतं, या गावांत शंभर वर्षं काही घडलंच नाही.

गॅझेटियरचं एक मात्र मानायला हवं: त्याच्या शेवटी सूची आहे. जमीन, मासे, मीठ, देवळं, तलाव, सगळं अकारविल्हे आणि पुढे पानाचा आकडा. पहिल्यांदाच असं झालं, की कारकुनाला न विचारता तुम्ही तुमचा शब्द घेऊन थेट पानावर जाऊ शकता. अट तीच. शब्द कॅम्पबेलचा पाहिजे.

आता उतरा ठाण्याला. साल १९१७.

इथे तुम्हाला जरा बसायचंय. मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू होऊन चोवीस वर्षं झालीत. १ जून १८९३ हा त्याचा जन्मदिवस. ते उभं करण्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भाव्यांचा, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार भाव्यांचा. मिठागरांचा व्यवसाय सांभाळून हा माणूस गावोगावची बाडं, पोथ्या, बखरी गोळा करतोय. याच साली त्यांनी ‘मराठी दफ्तर’ नावाने जुने कागद छापायला घेतलेत आणि त्यातल्या खंडाला नाव दिलंय ‘रुमाल पहिला’. कल्याणच्या फडताळातला रुमाल आता छापील पुस्तक झालाय.

तुमच्यासमोर एक बासन आहे. त्यातून पोथी निघते. सुटी आडवी पानं, खालीवर लाकडी फळ्या. तुम्हाला कुठल्या ग्रंथाची पोथी आहे ते बघायचंय. सवयीने तुम्ही पहिलं पान उचलता. तिथे ‘श्रीगणेशाय नमः’. दुसऱ्या पोथीचं पहिलं पान, तिथेही तेच. मुखपृष्ठ ही छापखान्यासोबत आलेली चैन आहे. शेजारी बसलेला जाणकार हसतो, सगळी पानं पालथी घालतो आणि शेवटचं वर आणतो. ‘इति श्री’पासून पुढे वाचा. ग्रंथाचं नाव, अध्यायाचं नाव, नशीब असेल तर नकलून घेणाऱ्याचं नाव, शके, गाव, वार. पोथी तळातून वाचायची. आणि प्रत्येक पानाच्या समासात वरच्या कोपऱ्यात दोन-तीन अक्षरं दिसतात ना? ग्रंथाच्या नावाचं ते आद्याक्षरी रूप, खाली पानाचा आकडा. वाऱ्याने दोन पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळली तर ती निवडायची सोय.

अभंग असेल तर आणखी सोपं. शेवटच्या चरणात कवी आपलं नाव गुंफतो, म्हणजे ओळख कवितेतच शिवलेली. पण सोपं म्हणेस्तोवर फसगत समोर येते. नामदेवाची म्हणून छापलेली गाथा उघडा. ‘नामा’ या नावाने ओ देणारा एकच कवी नाही. विष्णुदास नामा हा वेगळा, नंतरचा, आणि त्याच्या रचना नामदेवाच्या नावावर मिसळून बसलेल्या. एकाच हाकेला दोघांनी मान वर केली, की कुणाला काय विचारायचं हे अभ्यासकांना ठरवावं लागतं. तो वाद तुम्ही इथे सोडवू नका. ज्यांचा आहे त्यांना पिढ्या लागल्यात.

मग तिसरं बासन उघडतं. अक्षर बाळबोध, वळणदार, एकेक स्वच्छ वाचता येतंय. आणि एकाही शब्दाचा अर्थ लागत नाही. तुम्ही डोळे चोळता. मराठी आहे की नाही? आहे. पण ‘सकळ’ लिपीत. महानुभावांनी आपले ग्रंथ बाहेरच्यांपासून राखायला अक्षरांची अदलाबदल केली, एका अक्षराच्या जागी दुसरं. हाताने लिहिणारा पंथातला, वाचणारा पंथातला, किल्ली दोघांनाही तोंडपाठ. बाकीच्यांसाठी शेकडो वर्षांचं मराठी गद्य डोळ्यांसमोर असून बंद. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, तसं अभ्यासकांना ते वाचता येऊ लागलं. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’ची १९१९ची दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा फुगली त्याचं एक मोठं कारण हेच. ‘लीळाचरित्र’ मिळालं म्हणजे आद्य मराठी गद्य मिळालं, असं आपण शाळेत शिकतो. ते हरवलेलं नव्हतं. ठेवलेल्या जागीच होतं.

सकळ लिपी लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

परत कल्याण. १९७२. तुमच्या पहिल्या भेटीला दोनशे वर्षं झालीत. गावात १८६४पासून सार्वजनिक वाचनालय आहे. लोकलला गर्दी वाढतेय, डोंबिवलीत चाळींच्या जागी इमारती उठतायत आणि संध्याकाळी वाचनालयांच्या काउंटरवर पिशव्या घेतलेली माणसं उभी आहेत. अशाच एका वाचनालयात तुम्ही रांगेत आहात.

“काका, ते निळ्या कव्हरचं पुस्तक… मागच्या महिन्यात जोशीकाकूंनी नेलं होतं ते.”

“नाव काय पुस्तकाचं?”

“त्यात ती मुलगी शेवटी घर सोडून जाते ना, ते.”

ग्रंथपाल चष्मा वर करतो, दोन सेकंद छताकडे बघतो आणि पुस्तक काढून देतो. ही सूची कुठे छापलेली नसते आणि हा माणूस निवृत्त झाला की ती नाहीशी होते.

नाहीशी होऊ नये म्हणून कार्डं असतात. लाकडी खण ओढा. पाच इंच बाय तीन इंचाची जाड कार्डं, खालच्या भोकातून गेलेली पितळी सळई, वर बोटांच्या तेलाने काळपट झालेली कड. एकाच पुस्तकाला तीन कार्डं: लेखकाचं, नावाचं, विषयाचं. विषयाला आकडा देण्याची एक पद्धत मेलव्हिल ड्युईने १८७६ साली अमेरिकेत काढली. दुसरी, द्विबिंदू वर्गीकरणाची, शि. रा. रंगनाथन यांनी मद्रासमध्ये १९३३ साली. आकड्यांचं ठीक आहे, पण मराठी ग्रंथपालाची खरी कसोटी नावांत लागते. ‘कुलकर्णी’चा खण काढा आणि बघा किती वेळ लागतो. शिरवाडकरांचं नाटक एका खणात आणि कुसुमाग्रजांची कविता दुसऱ्यात, माणूस एकच. सगळ्यात कठीण बायकांची नावं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा वर नाव होतं विभावरी शिरूरकर. लिहिणारी होती बाळूताई खरे. लग्नानंतर ती झाली मालतीबाई बेडेकर. तीन नावं, तीन खण. एका खणातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारं ‘पाहा’ असं कार्ड कुणी घातलंच नसेल, तर मालतीबाईंचं सगळं लेखन मागणाऱ्या वाचकाला तिसरा हिस्साच मिळेल आणि बाकीचं नाहीच, असं तो धरून चालेल.

या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढचा भाग १९५०पर्यंत आणला. मग नियतकालिकांतल्या लेखांची सूचीही सहकाऱ्यांबरोबर हाती घेतली. आज कुणीही मराठी संशोधक आभाराच्या यादीत मार्गदर्शक, आईवडील, पत्नी सगळ्यांना घालतो. दात्यांचा नंबर क्वचित लागतो. मला विचाराल तर पहिला लागायला हवा.

१९७२चं वर्तमानपत्र टेबलावर पडलंय, ते उचला. पहिल्या पानावर दुष्काळ, तिसऱ्यावर दुष्काळ, अग्रलेखात दुष्काळ, वाचकांच्या पत्रांत दुष्काळ. खडी फोडणारी माणसं, सुकडी, रोजगार हमीची कामं. समजा, पन्नास वर्षांनी कुणाला या वर्षीची एकच बातमी शोधायची आहे आणि त्याने ‘दुष्काळ’ हा शब्द धरला. सगळं वर्ष त्याच्या अंगावर कोसळेल. त्याच बातमीत ‘डोंबिवली’ असेल तर तो शब्द धरून चार कात्रणांत काम होईल. नेमक्या याच वर्षी इंग्लंडात केंब्रिजला कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी ही गोष्ट गणितात मांडली: एखादा शब्द जितक्या कमी कागदांत येतो तितकं शोधताना त्याला जास्त वजन द्यावं, जो सगळीकडे येतो त्याचं वजन जवळजवळ शून्य. पुढे संगणकावरच्या बहुतेक शोधयंत्रांच्या पोटात हा विचार बसला. कल्याणचा कारकून ‘बांध’ सोडून ‘इस्तावा’ला का धरून बसला होता, ते आता कळलं?

शेवटचा मुक्काम डोंबिवली पूर्व, आजचा दिवस. फलाट क्रमांक तीनवर जलद गाडी उशिरा आहे आणि फोन तुमच्या हातात आहे. शब्द टाइप करा.

‘कल्याण’ टाकलंत? मग आधी समाजकल्याण विभाग येईल, महिला व बालकल्याण येईल, कल्याणकारी योजना येतील, संध्याकाळचे राग येतील, वधूवरांचं कल्याण चिंतणारी पत्रिका येईल. गाव कुठेतरी खाली. ‘ठाणे’ टाकलंत तर महाराष्ट्रातलं प्रत्येक पोलीस ठाणे हात वर करेल. या तीन शहरांत शोधायला सगळ्यात गुणी नाव डोंबिवलीचं. त्याला दुसरा अर्थच नाही. इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगं आहेत तेवढी ध्यानात ठेवली की झालं. डोंबिवलीकरांना एरवी फारसं कौतुक वाट्याला येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता मराठीची खास अडचण. तीनशे पानांची पीडीएफ उघडून तुम्ही ‘ठाणे’ शोधता आणि यंत्र सांगतं, सहा वेळा. प्रत्यक्षात ‘ठाण्यात’, ‘ठाण्याला’, ‘ठाण्याहून’ मिळून साठ वेळा असेल. आपली नामं प्रत्यय लागण्याआधी रूप बदलतात; शब्दकोशात ‘घोडा’ आणि मजकुरात ‘घोड्यावरून’. म्हणून शेपूट तोडून टाइप करावं. ‘ठाण’ टाका, सगळे येतील. ‘घोड’ टाका. ‘शेतकरी’साठी ‘शेतकर’सुद्धा पुरत नाही, ‘शेतक’वरच थांबा. कारण ‘शेतकऱ्यांना’ मधला तो अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला दोन परके शब्द वाटतात. जमिनीच्या निम्म्या कागदांत हाच शब्द असतो, तेव्हा ही बारीकसारीक बाब नव्हे. मजकूर १९६२च्या आधीचा असेल तर आणखी एक पायरी: तेव्हा न उच्चारले जाणारे अनुस्वारही लिहीत. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘ठाणें’. शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि डोक्यावरचे ते ठिपके गेले, पण जुन्या छापील पानांवर ते आहेत तसेच आहेत.

आणि ही घ्या दुसरी सकळ लिपी. वीसेक वर्षांपूर्वीची एखादी सरकारी पीडीएफ उघडा. मराठी व्यवस्थित दिसतंय. त्यातला एक शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा. रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी उमटते. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंक असेच होते: आत इंग्रजी कळांचे सांकेतिक आकडे, वर देवनागरीचा मुखवटा. टंक जवळ असेल तोवर वाचता येतं. शोधता मात्र येत नाही. हजारो परिपत्रकं, निविदा, गावांच्या याद्या या मुखवट्यामागे आहेत. महानुभावांनी निदान जाणूनबुजून केलं होतं.

तरीही कधीकधी सगळं राज्य एका शब्दाच्या मागे लागतं. २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यासाठी, मग राज्यभरासाठी. शोधायचं होतं ‘कुणबी’, ‘मराठा-कुणबी’, ‘कुणबी-मराठा’, १९६७पूर्वीच्या नोंदींत. आरक्षणाच्या वादात इथे शिरत नाही. तुम्ही फक्त एखाद्या तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये डोकावा. गाव नमुना १४ची जन्ममृत्यूची बाडं, शाळांची प्रवेश रजिस्टरं, कोतवाल बुकं, आणि त्यावर वाकलेले मोडीचे वाचक. फोनवर सेकंदात होणारी गोष्ट बोटाने, ओळ ओळ करत, महिनोन् महिने. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कचेरीतली लिपी वाचणारी माणसं महाराष्ट्राला अचानक हवीहवीशी झाली. मोडीचे वर्ग चालवणाऱ्यांना तोवर लोक छंदिष्ट म्हणत होते.

तुमच्या कौलाचं काय? ती खार आज एखाद्या सातबाऱ्यावर असेल, तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडा. पुढे सर्व्हे किंवा गट नंबर विचारतात, किंवा नाव, मधलं नाव, आडनाव. नंबर असेल तर नावाच्या नादी लागू नका. एका गावात एकाच आडनावाचे पन्नास खातेदार निघतात. आणि गाव यादीत दिसलं नाही तर घाबरू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर ती गावं ठाणे जिल्ह्यात आहेत. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावं तर आणखी फिरलीत. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा आत, २००२ला बाहेर, १ जून २०१५ला परत आत. त्या गावातल्या २००८ सालच्या घराचा कागद महापालिकेत मागाल तर ‘आढळून येत नाही’ असं उत्तर मिळेल आणि ते खोटंही नसेल. तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती.

असं उत्तर आलं की माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपये. महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. पुष्कळ लोक त्या दीडशेतले शंभर शब्द आपल्यावरच्या अन्यायात खर्च करतात आणि शेवटी लिहितात, ‘तरी सदर जमिनीबाबतची संपूर्ण माहिती द्यावी.’ हे म्हणजे सुभ्याच्या कचेरीत जाऊन खाडीच्या बांधाची माहिती मागण्यापैकीच. लिहा असं: फेरफार क्रमांक अमुक, सर्व्हे नंबर अमुक, मौजे अमुक, तालुका तेव्हाचा अमुक, साल अमुक ते अमुक, फेरफार नोंदवहीतल्या पानाची प्रमाणित प्रत. वीसेक शब्द होतात. कचेरीने कागद सापडत नसल्याचं सांगितलं तर अपिलात कलम ४(१)(क) दाखवा. आपले सगळे अभिलेख रीतसर वर्गवार आणि सूचीसह ठेवणं हे कचेरीचं काम आहे, असं कायदाच म्हणतो. सूची का नाही, हा प्रश्न मग तुम्हाला विचारता येतो.

आणि एक काम आज रात्रीच करा. कपाटातली कागदांची पिशवी काढा. बहुतेक घरांत प्रत्येक पाकिटावर ‘महत्त्वाचे’ असं लिहिलेलं असतं. सगळ्याच पाकिटांवर असल्याने त्याचा उपयोग शून्य. ते खोडा आणि तिथे कागदाचा प्रकार, साल, गावाचं तेव्हाचं नाव, तालुका आणि सर्व्हे नंबर लिहा. ज्या बायकांचं लग्नाआधीचं नाव वेगळं होतं त्यांची दोन्ही नावं लिहा. फोनमध्ये फोटो ठेवणार असाल तर फाइलला हेच नाव द्या, युनिकोडमध्ये. तुमच्यामागून शोधणाऱ्याला तुम्ही विचारायला नसाल.